म्हशीच्या मागे काय काढायचं

लग्न होऊन मी देऊळघाटला आले तेव्हा माझ्या ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली, रंगीत पेन्सिलींचा एक डबा होता. तो लपवून आणला होता असं नाही. पण सासरी गेल्या गेल्या सुनेनं चित्रं काढत बसावं असा काही रिवाज आमच्याकडे नव्हता, म्हणून तो आपला खालीच राहिला. माझं माहेर बुलडाण्याचं, वडील शाळेत मास्तर. मॅट्रिकपर्यंत मला चित्रकलेचा भारी नाद होता, आणि लग्नात भांड्यांच्या जोडीला वडिलांनी हा डबा दिला. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील.

डबा चांगला होता, पण येताना बैलगाडीतून ट्रंक एकदा खाली पडली आणि जांभळ्या पेन्सिलीचं शिसं आतल्या आत मोडलं. टोक काढलं की ते गळून पडे. पुन्हा टोक काढलं की पुन्हा गळे. असं करत करत जांभळी पेन्सिल करंगळीएवढी झाली आणि तिनं जन्मात एक रेघ ओढली नाही. बाकीच्या शाबूत होत्या.

घरात आम्ही चौघं. सासरे, सासू, हे आणि मी. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. हे गावच्या सोसायटीत पावत्या फाडायचं काम करायचे. भिंतीपलीकडे मामाजींचे धाकटे भाऊ राहायचे, त्यांना सगळे काका म्हणत. काकांचं जेवण त्यांच्या घरी आणि उरलेला दिवस आमच्या ओसरीवर.

एके दिवशी दुपारी जेवणं आटोपली, भांडी झाली, आणि मला राहवलं नाही. टोपलीतलं एक वांगं समोर ठेवलं आणि डबा काढून बसले. वांग्याला जांभळा रंग लागतो, तो नेमका नव्हता, म्हणून तांबड्यावर निळा चढवून बघत होते. तेवढ्यात आत्याबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता काही तरी ऐकावं लागणार. त्यांनी कागदाकडे बराच वेळ बघितलं.

"वांगं चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "पन हे ठिवलं कशावर?"

"कशावर म्हणजे?"

"म्हंजे खाली काई नाई, मांगं काई नाई. वांगं काय हवेत लटकून राह्यलं?"

आमचे चित्रकलेचे सर अगदी हेच म्हणायचे. वस्तू काढता, पण तिला जागा देत नाही. मी वांग्याखाली सावली दिली. आत्याबाई म्हणाल्या, सावली ठीक हाय, पन कशावर पडली? मग वांग्याखाली सूप काढलं. सूप कशावर हाय? सुपाखाली सारवलेली जमीन काढली. जमिनीच्या मागे काय? भिंत. भिंतीवर काहीच नाही का? भिंतीवर दिनदर्शिका टांगली. त्या माझ्या शेजारी बसूनच राहिल्या. चूल आली, चुलीवर तवा आला, फडताळ आलं, फडताळातल्या लोणच्याच्या बरणीचा फडका आला. संध्याकाळपर्यंत आमचं अख्खं स्वयंपाकघर कागदावर उतरलं.

"आता कसं बरं दिसते," त्या समाधानानं म्हणाल्या. मग जरा वाकून बघू लागल्या. "पन वांगं कुठी गेलं वं?"

वांगं होतं, पण तव्याच्या आणि सुपाच्या मध्ये असं बसलं होतं की ओळखू येत नव्हतं. चित्राची मागची बाजू पुढच्याला कशी गिळते, हे मला त्या दिवशी कळलं. आत्याबाईंना मात्र चित्र फार आवडलं. त्यांनी ते पिठाच्या डब्यामागे जपून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या आळीला सांगितलं की सूनबाई घर काढते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत म्हशीनं खाणं सोडलं.

आमच्याकडे म्हैस एकच होती, म्हणून तिला नाव ठेवायची कधी कुणाला गरज वाटली नव्हती. मामाजींचा तिच्यावर फार जीव. ते तिला घेऊन पायी बुलडाण्याला गेले, गुरांच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी औषध पाजलं, आणि दवाखान्याबाहेर पडल्या पडल्या म्हशीनं कुणाच्या तरी गाडीतला कडबा ओढून खाल्ला. मामाजींना असा आनंद झाला की त्या आनंदातच त्यांना समोर फोटोचा स्टुडिओ दिसला.

पुढचं त्यांनी घरी आल्यावर ओसरीवर बसून आम्हाला सांगितलं. मामाजी थट्टा करणारे नव्हते. जे घडलं ते घडलं तसं सांगायचे, आणि कुणी हसलं तर काऊन हसता म्हणून विचारायचे.

"फोटोवाला म्हने, कोनाचा फोटो काढायचा? मी म्हनलं, हिचा. तो म्हने, मंग त्याहिले बाहेर काऊन उभं केलं, आत बोलवा. त्यानं कंगवा काढला, आरसा पुसला, खुर्ची ठिवली. म्हने, या बाई, लाजू नका. मंग मी दावं ओढलं."

काका हसायला लागले. मामाजी थांबले, त्यांच्याकडे बघितलं आणि पुढे सांगू लागले.

म्हशीची शिंगं दारात अडकली. अर्धी म्हैस आत, अर्धी रस्त्यावर. आत भिंतीला एक मोठा पडदा लावलेला, त्यावर राजवाडा, संगमरवरी पायऱ्या, तळं आणि तळ्यात राजहंसांची जोडी रंगवलेली. म्हशीनं मान लांब केली आणि राजहंसाला जिभेनं एकदा चाटून बघितलं. फोटोवाल्यानं दोघांनाही बाहेर काढलं.

मामाजींना त्याचा राग आला नव्हता. त्यांच्या डोळ्यांपुढून तो पडदाच हलत नव्हता.

"हिचं तोंड आन मांगं राजवाडा," ते म्हणाले. "असं शोभून दिसलं, काय सांगू." मग माझ्याकडे वळले. "सूनबाई, तू काढतं म्हने. म्हैस काढशील का?"

"काढीन," मी म्हटलं.

"मांगं राजवाडा पाह्यजे. आन पायऱ्या."

ह्यांनी बुलडाण्याहून ड्रॉइंगचा मोठा जाड कागद आणून दिला आणि मी सकाळची कामं उरकून अंगणातल्या कडुलिंबाखाली म्हशीसमोर बसू लागले. म्हैस उभी राहणारी वस्तू नाही. पाय काढायला घ्यावा तर ती बसे. बसलेली काढावी तर उठे. शेवटी एक एक अवयव जसा सापडेल तसा काढला आणि उभी म्हैस जुळवली. मामाजी शेजारी बसून तिला समजावत असायचे. "थांब नं जरा. तुह्यंच काम चालू हाय."

रंगाची वेगळीच पंचाईत. काळी पेन्सिल नुसती घासली तर म्हैस कोळशाच्या पोत्यासारखी दिसते. म्हणून आधी सगळ्या अंगावर निळा द्यायचा, मग तपकिरी, आणि काळा सगळ्यात शेवटी. हे मला माहीत होतं, मामाजींना नव्हतं. पहिल्या दिवशी निळा रंग पुरा झाला. मामाजींनी कागद बघितला, मग खऱ्या म्हशीकडे बघितलं. रात्री जेवायला वाढताना मला ते आत्याबाईंशी हळू बोलताना ऐकू आले.

"म्हैस निळी झाली," ते म्हणाले. "सूनबाईले काई म्हनू नको, तिले वाईट वाटन."

दुसऱ्या दिवशी काळा चढला आणि म्हैस अशी सतेज दिसू लागली की ते उठून खऱ्या म्हशीला हात लावून आले.

आता राहिली मागची बाजू. कागदावर म्हैस मधोमध आणि भोवती सगळं पांढरं.

राजवाड्याचा विषय निघाला. मी म्हटलं, "मामाजी, राजवाडा काढते, पण म्हैस पायऱ्यांवर उभी करायची की खाली?"

"वर उभी कर. तिचा मान हाय."

"बरं," मी म्हटलं आणि फिक्या पेन्सिलीनं पायऱ्या आखायला घेतल्या. मामाजी बघत होते. दोन पायऱ्या झाल्यावर त्यांनी हात वर केला.

"थांब. हे संगमरवरावर शेनाचा पो टाकन."

"चित्रात कशी टाकेल?"

"म्हैस हाय ते. कोन साफ करन?" त्यांनी बराच विचार केला. "राजवाडा राहू दे. आपलं आभाळ आन डोंगरच बरे."

मी आभाळाला लागले. निळी पेन्सिल आडवी धरून रेघा ओढत गेले, पण मोठ्या जागेत पेन्सिलीच्या रेघा काही केल्या मिसळत नाहीत, वेगवेगळ्या उठून दिसतात. आत्याबाई आल्या आणि म्हणाल्या, "पानी पडून राह्यलं का? मंग म्हैस बाहेर काऊन बांधली?" मला सरांची एक युक्ती आठवली. कंदिलातलं थोडं घासलेट वाटीत घेतलं, कापसाचा बोळा त्यात अगदी किंचित बुडवला आणि आभाळावरून गोल गोल फिरवला. रेघा विरघळल्या. आभाळ असं मऊ पसरलं की माझा माझ्यावर विश्वास बसेना. म्हशीच्या कडेला मात्र बोळा न्यायची भीती वाटली, काळा रंग आभाळात उतरला असता. म्हणून तिच्या भोवती बोटभर जागा पांढरीच सोडली.

संध्याकाळी आत्याबाई चित्रापाशी आल्या, आणि म्हशीभोवतीचा तो पांढरा प्रकाश बघून त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

"आत्याबाई, ते राहून गेलंय," मी म्हटलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "देवाच्या मांगं असते नं, तसंच हाय."

तेवढ्यात काका बिडी ओढत आले, चांगलं जवळून बघायला वाकले, आणि घासलेटाचा वास आल्याबरोबर आत्याबाईंनी त्यांना असं ढकललं की ते कडब्यावर जाऊन बसले. बिडी विझवून ते पुन्हा आले. ह्या वेळी लांबून बघितलं.

"हा लिंब आमचा हाय," ते म्हणाले.

मी म्हशीच्या वर लिंबाची एक फांदी काढली होती. लिंबाचं खोड आमच्या अंगणात आणि अर्धा पसारा काकांच्या अंगणात, आणि तो नेमका कोणाचा ह्यावर दोघा भावांचं बोलणं माझ्या लग्नाआधीपासून चालू होतं.

"खोड कोठी हाय?" मामाजी म्हणाले.

"चित्रात खोड नाईच. नुसती फांदी हाय. फांदी आमची."

"म्हैस माही हाय."

"म्हशीले कोन नाई म्हंते? पन मांगचं आमचं हाय. मांगचं आमचं, तर म्या मांगं असाले पाह्यजे."

बराच वेळ असंच चाललं आणि शेवटी मामाजी मला म्हणाले, "काढ बाप्पा त्याले कुठी तरी. पन लहान काढ."

लहान काढणं भागच होतं. लांबचं माणूस लहान दिसतं आणि रंगानं फिकं दिसतं, तरच ते लांबचं वाटतं. मी डाव्या अंगाला, शेपटीपलीकडे मोकळी जागा होती तिथे, अंगठ्याएवढे काका उभे केले. धोतर, पागोटं, हातात काठी. रंग अगदी हलका दिला. मला तरी ते छान जमले असं वाटलं.

काका दुसऱ्या दिवशी सकाळी बघायला आले. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला.

"म्या आजारी हाओ का?" त्यांनी विचारलं.

"नाही काका. तुम्ही लांब आहात."

"लांब असल्यानं मानूस असा पांढरा पडते?" ते मान वाकडी करून बघू लागले. "आन मले म्हशीच्या शेपटीखाली काऊन उभं केलं?"

"खाली नाही, मागे. शेपटी जवळ आहे, तुम्ही दूर आहात. म्हणून तसं दिसतं."

"तुले दिसत असन. गावाले काय दिसन? गाव म्हनन, हा काय करून राह्यला तथी?"

मामाजी तोंड फिरवून म्हशीला पाणी दाखवायला गेले. काकांनी निक्षून सांगितलं की मला तिथून काढ. रंगीत पेन्सिल खोडता येत नाही. मी रबर घासून बघितलं, तर कागदाची लव उठायला लागली आणि काका आणखीच आजारी दिसू लागले. शेवटी पिवळी आणि तपकिरी पेन्सिल घेतली आणि त्यांच्यावर कडब्याची गंजी रचली. पागोट्याच्या जागी गंजीचा शेंडा आला. ती गंजी दणकट झाली, कारण आत काका होते.

ते आले, गंजी वरपासून खालपर्यंत बघितली. मग म्हणाले, "ह्याच्यात म्या हाओ?"

"हो."

"दिसत नाई."

"नाही दिसत."

"पन हाओ."

"आहात."

हे त्यांना कसं कोण जाणे पसंत पडलं. तेव्हापासून ओसरीवर कुणीही आलं की ते चित्रातल्या गंजीवर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "ह्याच्यात म्या हाओ." लोक त्यांच्याकडे बघायचे, गंजीकडे बघायचे आणि चहा पिऊन निघून जायचे.

सगळ्यात मागे डोंगर हवे होते. लांबचे डोंगर जांभळट असतात आणि माझी जांभळी पेन्सिल तर केव्हाच संपली होती. ह्यांच्या खिशात सोसायटीची कॉपिंग पेन्सिल असायची, पावत्या लिहायची. ती कोरडी असताना करडी उठते आणि ओली झाली की गडद जांभळी होते, पुसता म्हणून पुसत नाही. हे ती लिहिताना जिभेला लावायचे, त्यामुळे ह्यांचे ओठ कायमचे जांभळे असत. लग्नात माझ्या मैत्रिणींनी मला विचारलं होतं की नवरदेवाला काय झालंय. ती पेन्सिल मी मागून घेतली आणि तिच्या कोरड्या करड्या रंगात डाव्या अंगाला डोंगरांची ओळ ओढली. एकामागे एक, मागचे फिके, त्याच्या मागचे आणखी फिके. पाण्याला जपायचं एवढंच.

चित्र पुरं झालं. आत्याबाईंनी ज्वारीच्या पिठाची खळ केली, वास येऊ नये म्हणून तीत मूठभर मीठ टाकलं, आणि आम्ही दोघींनी मिळून चित्र पुठ्ठ्यावर चिकटवलं. खळ कडांनी बाहेर आली ती तशीच वाळली. मामाजींनी खिळा ठोकून ठेवला होता. पण चित्र भिंतीला लावायच्या आधी ते पुठ्ठा काखेत घेऊन अंगणात निघाले.

"कुठी चालले?" आत्याबाईंनी विचारलं.

"तिले दाखवतो. तिचं हाय, तिनं पाह्यलं पाह्यजे."

आम्ही सगळे मागे गेलो. मामाजींनी चित्र म्हशीसमोर दोन्ही हातांनी आरशासारखं धरलं. म्हशीनं बघितलं. खरंच बघितलं असं मला तरी वाटलं. तिनं कान हलवले, नाक पुढे केलं, आणि डाव्या कोपऱ्यातल्या खळीपासून सुरुवात करून एक लांब जीभ गंजीवरून थेट डोंगरांपर्यंत फिरवली.

"पाह्यलं?" मामाजी हरखून म्हणाले. "गंजी वळखली. कडबा हाय म्हनून समजलं तिले. असं चित्र पाह्यजे."

"मले चाटलं," काका म्हणाले.

मी चित्राकडे धावले. गंजीला काही झालं नव्हतं. डोंगर मात्र जागे झाले होते. करडा रंग ओला होऊन गडद जांभळा फुटला होता आणि एका डोंगरातून दुसऱ्यात वाहत होता. आणि म्हशीनं आणखी खळ मिळते का बघायला जीभ बाहेर काढली, तर तीही जांभळी.

मामाजींच्या हातातून पुठ्ठा खाली आला.

"ईख चढलं," ते म्हणाले. ईख म्हणजे विष.

हे सोसायटीतून जेवायला आले होते, ते पुढे झाले. "दादा, काई होत नाई. कॉपिंग पेन्सिल हाय ते. म्या रोज चाटतो."

मामाजींनी मुलाच्या जांभळ्या ओठांकडे बघितलं, मग म्हशीच्या जिभेकडे. "तू म्हैस हाय का?"

"नाई, पन मले काई झालं नाई."

"तुह्यं मले सांगू नको," मामाजी म्हणाले आणि गाडी जुंपायला लागले. म्हैस गाडीच्या मागे बांधली. काका न विचारता गाडीत चढून बसले. "सूनबाई, तूबी चाल. डाक्टर इचारन कोन्ता रंग होता ते." अशी मी लग्नानंतर पहिल्यांदा बुलडाण्याला निघाले, मांडीवर चित्र आणि मागे म्हैस. वाटेत जो भेटेल तो विचारी, कुठी चालले? काका उत्तर देत, "म्हशीनं डोंगर खाल्ला." दवाखाना येईपर्यंत मी पदर तोंडावर ओढून घेतला होता. दुःखानं नव्हे, हसू दिसू नये म्हणून.

डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे, नुकतेच बदलून आलेले. त्यांचं बोलणं मामाजींना आणि मामाजींचं त्यांना जरा थांबून थांबूनच समजायचं.

"काय खाल्लं हिनं?" त्यांनी विचारलं.

"डोंगर," मामाजी म्हणाले.

"आन थोडा म्या," काका म्हणाले.

डॉक्टरांनी दोघांकडे बघितलं. मग त्यांना वाटलं असावं की ह्या भागात डोंगर म्हणून काही पाला असेल. "कुठे उगवतो हा?"

"उगवत नाई. सूनबाईनं काढला."

"उपटून काढला?"

"नाई. पेन्सिलीनं."

डॉक्टर माझ्याकडे वळले. मी चित्र पुढे केलं. त्यांनी चित्र बघितलं, जाऊन म्हशीचं तोंड उघडून बघितलं, पुन्हा चित्राकडे आले आणि मग त्यांना एका खांबाला हात टेकून थोडा वेळ उभं राहावं लागलं. त्यानंतर मात्र त्यांनी म्हैस नीट तपासली. पोटाला कान लावला, डोळे बघितले, जिभेवर बोट फिरवून ते बोट स्वतःच्या नाकाशी नेलं.

"काही झालेलं नाही," ते म्हणाले. "भरपूर पाणी पाजा. दोन-चार दिवसांत रंग जाईल."

"पक्कं?"

"पक्कं."

मामाजी दवाखान्याच्या पायरीवर खाली बसले आणि त्यांनी पागोट्याच्या शेवानं तोंड पुसलं. एवढा मोठा माणूस, पण म्हशीचं दावं त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. तोपर्यंत मला सगळं नुसतं गमतीचं वाटत होतं. त्यांचे हात बघून मी पदर नीट केला आणि त्यांना तांब्यातलं पाणी दिलं.

डॉक्टर अजून चित्रच बघत होते. "हे डोंगर आधी असेच होते?"

"नाही," मी म्हटलं. "आधी फिके होते. हिनं चाटल्यावर असे झाले."

"मग हे काम दोघींचं आहे," ते म्हणाले, अगदी गंभीरपणे, आणि चित्र मला परत दिलं.

खरं सांगायचं तर ती मागची बाजू माझ्या हातून पुन्हा कधी झाली नाही. आभाळ माझं होतं, फांदी माझी होती, पण ते डोंगर असे झाले होते की बघणाऱ्याला त्यांच्या पलीकडे जावंसं वाटे. मी पुष्कळ प्रयत्न केले. ओलं फडकं फिरवून बघितलं, तर चिखल झाला. बोट ओलं करून बघितलं, तर बोटाचे ठसे उठले. शेवटी आत्याबाईच म्हणाल्या, "कायले डोकं फोडते? तिच्यापाशीच ने नं." मी नवा कागद घेऊन गेले. म्हशीनं वास घेतला आणि मान फिरवली. आत्याबाईंनी घरात जाऊन खळ आणली, मीठ टाकून. ह्या वेळी म्हशीनं कागद डोंगरांसकट दाताखाली धरला आणि आम्ही दोघी ओढेपर्यंत निम्मा आत गेला. मामाजी शेतात होते. आम्ही त्यांना सांगितलं नाही, आणि त्या संध्याकाळी आत्याबाईंनी म्हशीची जीभ स्वतः चिंचेच्या पाण्यानं धुतली.

त्या उन्हाळ्यात मोताळ्याला नात्यातलं एक लग्न होतं. मामाजी, आत्याबाई आणि मी आदल्या दिवशी निघालो, बुलडाण्याहून सहाची एसटी पकडली. आहेराची पिशवी माझ्या पायाशी होती. आत्याबाईंना गाडी लागायची, म्हणून त्या पुढे बसल्या होत्या आणि मी व मामाजी मागे, खिडकीशी. घाट लागला तशी उन्हं उतरली आणि एका वळणावर समोर डोंगर आले. एकामागे एक, आणि सगळे जांभळे. कुठेही रेघ नाही, एकाचा रंग दुसऱ्यात उतरत गेलेला.

मामाजी उठून उभे राहिले. "थांबवा जरा," ते कंडक्टरला म्हणाले.

"कोनाले उतरायचं?"

"उतरायचं नाई. पाह्यचं हाय."

कंडक्टरनं त्यांच्याकडे बघितलं. "काय पाह्यचं?"

"डोंगर."

बसमधले सगळे त्या बाजूच्या खिडक्यांकडे वाकले. कुणाला वाटलं वाघ आहे, कुणाला वाटलं खाली गाडी कोसळली आहे. एक जण म्हणाला, "कुठी काय हाय? डोंगरच हाय नं." कंडक्टर म्हणाला, "बसा बाबा, घाट हाय." मामाजी बसले, पण त्यांनी खिडकीवरून नजर काढली नाही, आणि मीही नाही. ते मला एक एक डोंगर दाखवत होते, मी त्यांना दाखवत होते, आणि घाट केव्हा उतरला ते कळलं नाही.

मोताळ्याला उतरलो. बस पुढे निघून गेली आणि मग आत्याबाईंनी विचारलं, "आहेराची पिशवी कुठी हाय?"

मामाजींनी माझ्याकडे बघितलं. मी मामाजींकडे बघितलं. पिशवी बसमध्येच राहिली होती, नवरीच्या लुगड्यासकट.

दुसऱ्या दिवशी बस परत आली तेव्हा त्याच कंडक्टरनं पिशवी आणून दिली. मामाजींना ओळखून तो म्हणाला, "डोंगर पाह्यनारे बाबा नं तुमी?" आत्याबाई तोपर्यंत आम्हा दोघांशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. परतीच्या बसमध्ये त्या आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसल्या, पिशवी मांडीवर घेतली, आणि घाट सुरू व्हायच्या आत हात लांब करून खिडकी लावून टाकली.